पावणेबारा महिने: नेटर-१ चाचणीचं प्रकरण

४८.० आणि ३६.३. पचनसंस्थेतल्या एका सावकाश वाढणाऱ्या कर्करोगावर झालेल्या नेटर-१ चाचणीच्या शेवटच्या अहवालातले हे दोन आकडे. दोन्ही एकूण आयुर्मानाचे मध्यक आहेत, महिन्यांत मोजलेले. पहिला ल्युटेशियम-१७७ डोटाटेट हे किरणोत्सारी औषध मिळालेल्या गटाचा, दुसरा नियंत्रण गटाचा. वजाबाकी केली की ११.७ उरतात, म्हणजे जवळपास पावणेबारा महिने. आणि त्याच अहवालात पी-मूल्य छापलंय ०.३०, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक सिद्ध झालेला नाही.

हे वाचून काही जण ‘औषधाने वर्षभर आयुष्य वाढतं’ असं सांगत सुटतात, तर काही जण ‘आयुष्य वाढत नाही हे सिद्ध झालं’ म्हणून मोकळे होतात. माझ्या मते दोन्ही वाक्यं चूक आहेत. चूक का, हे कळायला त्या नियंत्रण गटातल्या माणसांचं पुढे काय झालं ते बघावं लागतं.

आधी थोडं गाठीबद्दल

पचनसंस्थेत संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्यातून उगवणाऱ्या गाठी म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, बोलताना नुसतं ‘नेट’. लहान आतड्यातली अशी गाठ बरेचदा यकृतात पसरल्यावरच सापडते, कारण तोवर ती फारसा त्रास देत नाही. यातल्या बऱ्याच गाठी सावकाश वाढतात. रुग्णाच्या दृष्टीने ही बरी गोष्ट, संशोधकाच्या दृष्टीने मात्र डोकेदुखी. उपचारानंतर दोन वर्षं गाठ स्थिर राहिली, तर श्रेय औषधाचं की मुळातच आळशी असलेल्या गाठीचं?

या पेशींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे रिसेप्टर भरपूर असतात, विशेषतः दुसऱ्या प्रकारचे. ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन याच रिसेप्टरला जाऊन चिकटतं. त्याने संप्रेरकांचा स्राव दबतो, जुलाब आणि चेहरा लाल होणं कमी होतं, गाठीची वाढही काही काळ रोखली जाते. पीआरआरटीची, म्हणजे पेप्टाइडच्या वाटेने रिसेप्टरपर्यंत किरणोत्सर्ग पोचवणाऱ्या उपचाराची, कल्पना याच्या एक पाऊल पुढची. रिसेप्टरला चिकटणाऱ्या त्याच धाटणीच्या पेप्टाइडला डोटा नावाचा रासायनिक पिंजरा जोडायचा आणि त्यात ल्युटेशियम-१७७ बसवायचं. पेप्टाइड गाठ शोधतं, पेशी ते आत ओढून घेते आणि किरणोत्सर्ग तिथेच होतो. ल्युटेशियमचे बीटा कण ऊतीत जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात. त्याचा अर्धायुकाल ६.६५ दिवस. सोबत थोडे गॅमा किरणही निघतात, त्यामुळे औषध कुठे जाऊन बसलं ते कॅमेऱ्याने पाहता येतं.

रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रात हे ल्युटेशियम २००० सालापासून दिलं जात होतं. शेकडो रुग्ण, चांगले निकाल, पण तुलनेला गट नाही. गाठ आळशी असताना तुलनेशिवायचे चांगले निकाल कितीही रचले तरी वरचा प्रश्न सुटत नाही. म्हणून यादृच्छिक चाचणी हवी होती.

आखणी

२०१२ मध्ये रुग्ण घ्यायला सुरुवात झाली. आठ देशांतली ४१ केंद्रं. अटी अशा: गाठ मध्यांत्रातली, म्हणजे मुख्यतः लहान आतड्यातली, पेशी सुविभेदित (मूळ पेशींशी बऱ्यापैकी साधर्म्य राखणाऱ्या), केआय-६७ निर्देशांक (किती पेशी विभाजित होतायत याचं माप) २० टक्क्यांपर्यंत, रोग पसरलेला किंवा शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला, ऑक्ट्रिओटाइड चालू असतानाही गाठ वाढलेली, आणि स्कॅनवर गाठी निदान यकृताइतक्या तरी उजळणाऱ्या. ही शेवटची अट फार महत्त्वाची. रिसेप्टरच नसेल तर औषध जाऊन बसणार कुठे? ज्या लक्ष्यावर उपचार करायचा ते आधी स्कॅनवर डोळ्यांनी पाहून घ्यायचं, ही चैन केमोथेरपीला कधीच मिळाली नाही.

पहिल्या विश्लेषणात २२९ रुग्ण होते. ११६ जणांना दर आठ आठवड्यांनी ७.४ गिगाबेकरेल (किरणोत्सारितेचं एकक) ल्युटेशियम, असे चार डोस, आणि सोबत ३० मिलिग्रॅम दीर्घकालीन ऑक्ट्रिओटाइड. उरलेल्या ११३ जणांना तेच ऑक्ट्रिओटाइड दुप्पट मात्रेत, ६० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी. मुख्य मोजमाप होतं रोग न वाढता गेलेला काळ: गटात नाव पडल्यापासून स्कॅनवर वाढ दिसेपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत. स्कॅन दर बारा आठवड्यांनी.

चाचणी उघडी होती. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत, डॉक्टरलाही. दुसरं करणार काय? शिशाच्या आवरणातून येणारं औषध, त्याआधी चालू होणारी सलाइन, वेगळी खोली. याचं खोटं सोंग महिनोन्‌महिने वठवणं शक्यही नव्हतं आणि योग्यही नव्हतं. म्हणून स्कॅन वाचण्याचं काम केंद्रीय तज्ज्ञांकडे दिलं होतं, ज्यांना गट माहीत नव्हता. स्कॅनपुरती ही तटबंदी पुरेशी आहे. ‘तुम्हाला कसं वाटतंय’ या प्रश्नाला मात्र ती लागू होत नाही, आणि ते पुढे ध्यानात ठेवायला हवं.

डोसच्या दिवशी

आकड्यांकडे वळण्याआधी एक डोस जवळून पाहू, कारण दुष्परिणामांचा तक्ता त्याशिवाय नीट वाचता येत नाही.

हे औषध गोदामात साठवून ठेवता येत नाही. तयार झाल्यापासून ७२ तासांत ते वापरायचं. म्हणजे कुपी रुग्णाच्या तारखेसाठीच बनते आणि तिच्यातली किरणोत्सारिता वाटेतही घटत असते. विमान चुकलं तर डोस चुकला. त्याआधीच्या चार आठवड्यांत दीर्घकालीन ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन द्यायचं नाही, कारण ते त्याच रिसेप्टरवर ठाण मांडून बसतं. ते द्यायचं डोस झाल्यानंतर.

सकाळी आधी उलटीविरोधी औषध, मग अमिनो आम्लांची सलाइन, लायसिन आणि आर्जिनिन. पेप्टाइड किडनीतून गाळलं जातं आणि तिथल्या नलिका ते परत शोषून घेऊ बघतात. तसं झालं तर किरणोत्सर्ग किडनीतच मुक्काम करेल. ही अमिनो आम्लं त्या शोषणाच्या वाटेत गर्दी करतात आणि पेप्टाइडला लघवीवाटे बाहेर जाऊ देतात. यिट्रियम-९० हे दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य वापरणाऱ्या आधीच्या पिढीतल्या काही रुग्णांच्या किडन्या बिघडल्या होत्या. त्या अनुभवातून ही सलाइन आणखी पक्की झाली.

अर्ध्या तासाने ल्युटेशियम. ते सिरिंजमध्ये ओढायची गरजच पडत नाही अशी एक पद्धत आहे. शिशाच्या भांड्यात कुपी उभी, तिच्या बुचात दोन सुया. आखूड सुईतून मिठाचं पाणी कुपीत उतरतं, लांब सुई तळाशी टेकलेली असते, आणि पाण्याच्या दाबाने औषध तिच्यातून वर चढून रुग्णाच्या शिरेकडे जातं. अर्ध्या तासात कुपी रिकामी. अमिनो आम्लं मात्र चालूच राहतात, एकूण निदान चार तास.

आणि त्या चार तासांत पोट ढवळतं. नेटर-१ मध्ये ल्युटेशियम गटातल्या ५९ टक्के रुग्णांना मळमळ झाली, ४७ टक्क्यांना उलट्या. नियंत्रण गटात हेच आकडे १२ आणि १० टक्के. तक्ता नुसता वाचणारा म्हणेल, काय हे जहाल औषध! पण हा उपद्रव बहुतांशी अमिनो आम्लांचा होता. सलाइन संपली की तोही ओसरायचा. किडनी वाचवायची किंमत पोट मोजत होतं, असं म्हणा हवं तर.

२०१७ चा निकाल

जानेवारी २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पहिला निकाल छापून आला. वीस महिन्यांच्या टप्प्यावर रोग न वाढता टिकलेल्यांचं प्रमाण ल्युटेशियम गटात ६५.२ टक्के, नियंत्रण गटात १०.८ टक्के. नियंत्रण गटाचा मध्यक ८.४ महिने, ल्युटेशियम गटाचा मध्यक तोवर गाठलाच गेला नव्हता. धोक्याचं गुणोत्तर ०.२१, म्हणजे रोग वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ७९ टक्क्यांनी कमी. कर्करोगाच्या चाचण्यांत असा आकडा क्वचित दिसतो.

याच निकालातला दुसरा आकडा रुग्णांना समजावताना जास्त अवघड जातो. ठरलेल्या निकषांनुसार गाठ लक्षणीय आकसली ती फक्त १८ टक्के रुग्णांत. नियंत्रण गटात ३ टक्के. चार डोस घेतले, एवढी यातायात केली, आणि स्कॅनवर गाठ जवळपास तेवढीच. माणूस खट्टू होणारच. पण या रोगात ‘तेवढीच आहे’ ही बातमी चांगली असते. ही चाचणी जिंकली ती गाठ विरघळवून नाही, तिला आहे तिथे थांबवून.

मृत्यूंचा अंतरिम हिशोबही त्याच निबंधात होता: ल्युटेशियम गटात १४, नियंत्रण गटात २६. पी-मूल्य ०.००४. ऐकायला पुरेसं वाटतं, पण मधल्या टप्प्यावर डोकावताना संख्याशास्त्रज्ञ रेषा मुद्दाम फार कडक आखतात, नाहीतर दरवेळी डोकावून हवा तो निकाल उचलता येईल. ती रेषा ओलांडली गेली नव्हती. तरी चाळीस मृत्यूंवरच्या या फरकाने वाचणाऱ्यांच्या मनात आशेचं घर केलं, आणि शेवटचा निकाल आल्यावर झालेल्या हिरमोडाचं बीज मला वाटतं इथेच पडलं.

सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपात मान्यता मिळाली, जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने या चाचणीसोबत रॉटरडॅमच्या १,२१४ रुग्णांची माहितीही विचारात घेतली.

मग २०२१

शेवटचा रुग्ण चाचणीत आल्याला पाच वर्षं झाल्यावर अंतिम विश्लेषण झालं आणि ते लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आलं. आता एकूण रुग्ण २३१ होते: ११७ आणि ११४. पाठपुराव्याचा मध्यक दोन्ही गटांत ७६ महिन्यांच्या वर. मृत्यू ७३ आणि ६९. आयुर्मानाचे मध्यक ४८.० आणि ३६.३ महिने. धोक्याचं गुणोत्तर ०.८४, आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.६० ते १.१७.

ही मर्यादा शांतपणे वाचावी. ती म्हणते की या माहितीशी मृत्यूचा धोका ४० टक्क्यांनी घटणंही जुळतं आणि १७ टक्क्यांनी वाढणंही. मध्ये १ आहे, म्हणजे ‘काहीच फरक नाही’ हेही जुळतं. पी ०.३० चा अर्थ एवढाच. फरक नसल्याचा तो पुरावा नाही. कोर्टात आरोप शाबित झाला नाही म्हणजे गुन्हा घडलाच नाही असं होत नाही, तसंच हे.

आता मूळ गोष्ट. नियंत्रण गटातल्या ११४ पैकी ४१ जणांना, म्हणजे ३६ टक्क्यांना, पुढच्या पाठपुराव्याच्या काळात रेडिओलिगँड उपचार मिळाले, म्हणजे रिसेप्टरला चिकटणारं याच धाटणीचं किरणोत्सारी औषध. गाठ वाढली, चाचणीतलं इंजेक्शन थांबलं आणि त्यांनी तोच मार्ग धरला जो दुसऱ्या गटाला सुरुवातीलाच मिळाला होता. विश्लेषणात मात्र ते ‘नियंत्रण’ म्हणूनच मोजले गेले, कारण नियमच तो आहे: सुरुवातीला ज्या गटात नाव पडलं तिथेच माणूस शेवटपर्यंत मोजायचा. नियम योग्यच आहे. तो मोडला तर धडधाकट रुग्ण एका बाजूला आणि खंगलेले दुसऱ्या बाजूला गोळा होतील, आणि यादृच्छिक वाटपाचा सगळा खटाटोप वाया जाईल.

पण नियम पाळला की प्रश्नच बदलतो. कागदावरचा प्रश्न होता: ल्युटेशियमने आयुष्य वाढतं का? प्रत्यक्षात मोजला गेला तो वेगळाच: ल्युटेशियम आधी दिलं विरुद्ध एकतर नंतर दिलं किंवा दिलंच नाही, यात आयुष्याचा किती फरक पडतो? आणि या दुसऱ्या प्रश्नाला फरक कमी दिसणं हे औषध नंतरही काम करत असल्याचं लक्षण असू शकतं. औषध जितकं चांगलं, तितकं ते पलीकडच्या गटालाही तारतं आणि स्वतःचाच फायदा पुसून टाकतं.

मग त्या ४१ जणांना अडवायला हवं होतं का? गाठ वाढतेय, परिणामकारक उपचार समोर आहे, २०१७ नंतर तर तो मान्यताप्राप्तही झालाय, आणि आपण म्हणायचं, ‘थांबा, आमची आयुर्मानाची वक्र रेषा बिघडेल’? असं म्हणणारा मला तरी भेटलेला नाही.

अशा अदलाबदलीचा परिणाम गणिताने वजा करायच्या पद्धती आहेत. त्यातली एक मानून चालते की उपचाराने आयुष्याचा काळ एका ठराविक पटीने ताणला जातो, मग तो केव्हाही द्या. त्या पटीने अदलाबदल केलेल्यांचं आयुष्य मागे आकसून ‘यांना मिळालंच नसतं तर’ असा कल्पित नियंत्रण गट उभा करायचा. नेटर-१ मध्ये तसं केल्यावर फरक अपेक्षेप्रमाणे रुंदावला, पण अनिश्चितता राहिलीच. मी या आकड्यांवर फार वजन टाकत नाही. ‘केव्हाही द्या, पट तीच’ हे गृहीतक वाढलेल्या, थकलेल्या रोगाला कितपत लागू पडतं?

अदलाबदल हे एकमेव स्पष्टीकरण नाही, हेही सांगायला हवं. सहा वर्षांहून मोठ्या पाठपुराव्यात दोन्ही गटांना इतर उपचारही मिळत गेले. शिवाय चाचणीचा आकार आखला गेला होता तो रोगवाढीचा फरक पकडायला. २३१ रुग्णांत मृत्यूदरातला मध्यम फरक निसटून जाणं साहजिक होतं.

मला जे खटकतं

अदलाबदलीवर बरीच शाई खर्च झाली. माझी तक्रार नियंत्रण गटाच्या औषधाबद्दल जास्त आहे. रुग्ण आलेच मुळी ऑक्ट्रिओटाइड चालू असताना गाठ वाढली म्हणून, आणि त्यांना दिलं काय, तर तेच ऑक्ट्रिओटाइड दुप्पट. दुप्पट मात्रेने गाठ थांबते याला भक्कम आधार नव्हता. ६५ विरुद्ध १०.८ या दरीत ल्युटेशियमची ताकद आहेच, पण समोरचा पैलवान दमलेला होता हेही आहे.

चाचणीच्या बाजूनेही बोलायला हवं. २०१२ मध्ये मध्यांत्राच्या वाढत्या गाठींसाठी सिद्ध म्हणावा असा दुसरा उपचार जवळपास नव्हता. संप्रेरक न सोडणाऱ्या आतड्यांच्या आणि फुप्फुसांच्या गाठींत एव्हरोलिमस या गोळीचा फायदा दाखवणारी रेडिएंट-४ चाचणी छापून आली २०१६च्या सुमारास, तोवर इथली भरती उरकत आली होती. म्हणजे त्या काळापुरती निवड समजण्यासारखी. २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या नेटर-२ ला मात्र ही सवलत मी देणार नाही. तिथे रुग्ण नव्याने निदान झालेले, केआय-६७ १० ते ५५ टक्के, म्हणजे जास्त चपळ गाठी. आणि समोर पुन्हा ६० मिलिग्रॅम ऑक्ट्रिओटाइड! निकाल देखणा आहे: २२६ रुग्ण, रोग न वाढता गेलेला काळ २२.८ विरुद्ध ८.५ महिने, गाठ आकसण्याचं प्रमाण ४३ विरुद्ध ९.३ टक्के. तरी अशा गाठींत जे डॉक्टर केमोथेरपी किंवा एव्हरोलिमसचा विचार करतात, त्यांच्या प्रश्नाला यात उत्तर नाही. त्या दिशेने कॉम्पीट चाचणी गेली. तिने ल्युटेशियम-१७७ एडोट्रिओटाइड हे भावंड-औषध थेट एव्हरोलिमससमोर उभं केलं.

दुसरी, थोडी लहान तक्रार: ७.४ गिगाबेकरेल सगळ्यांना सारखेच. किडकिडीत माणसालाही आणि धिप्पाड माणसालाही. यकृतात तीन ठिपके असणाऱ्यालाही आणि अर्धं यकृत व्यापलेल्यालाही. ज्या औषधाचा प्रवास कॅमेऱ्याने पाहता येतो त्याची मात्रा माणूस पाहून ठरवू नये, हे मला अजब वाटतं. ठरावीक मात्रेने चाचणी सुटसुटीत होते, हे खरं.

आयुर्मानाच्या आकड्याआड झाकलेलं

दीर्घ पाठपुराव्याने आयुर्मानाचा प्रश्न सोडवला नाही, पण दुसरं एक काम चोख केलं. किरणोत्सारी औषध रक्तातून फिरतं तेव्हा अस्थिमज्जेलाही झळ लागते, आणि तिचा खरा हिशोब वर्षांनी येतो. ल्युटेशियम मिळालेल्या १११ रुग्णांपैकी दोघांना मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा विकार) झाला आणि त्यातला एक जण दगावला. नंतरच्या वर्षांत नवा रुग्ण आढळला नाही. दोन टक्के. संमतिपत्रावर सही घेताना हा आकडा बारीक टायपात दडवू नये. ज्याच्यापुढे आणखी बरीच वर्षं असू शकतात अशा सावकाश रोगाच्या रुग्णाला तो कळायलाच हवा.

जगण्याच्या प्रतीचाही अभ्यास झाला. एकूण प्रकृती ढासळेपर्यंतचा मध्यक काळ ल्युटेशियम गटात २८.८ महिने, नियंत्रण गटात ६.१. उघड्या चाचणीतल्या ‘कसं वाटतंय’बद्दल वर म्हटलं ते इथे लागू पडतं, आपल्याला नवं औषध मिळालं नाही हे माहीत असलेला माणूस प्रश्नावली कशा मनाने भरेल? पण नुसत्या मनाच्या खेळाने एवढी दरी पडत नसावी, असं माझं मत. जुलाब कमी झालेला रुग्ण ते मोजून सांगू शकतो.

तर पुढे बसलेला रुग्ण विचारतो, ‘याने मी किती जास्त जगेन?’ नेटर-१ च्या आधारे प्रामाणिक उत्तर असं काहीसं होतं: गाठ बराच काळ थांबण्याची शक्यता खूप चांगली, त्या काळात दिवस बरे जाण्याचीही, आयुष्य वाढत असावं असा कल दिसतो, पण किती ते या चाचणीला सांगता आलेलं नाही, कारण ज्यांच्याशी तुलना करायची त्यातल्या तिघांपैकी एकाला याच धाटणीचं औषध नंतर मिळालं.

नेटर-२ चा आयुर्मानाचा अंतिम हिशोब पहिल्या निबंधाच्या वेळी पिकलेला नव्हता. त्या चाचणीतही नियंत्रण गटातल्या रुग्णांना, गाठ वाढल्यावर, ल्युटेशियम घेण्याची मुभा आहे.